विहिरीकडचं दार

“मला एकदाही भीती वाटली नाही,” यामिनी म्हणाली, आणि किडकं वांगं पाटीत मागं सारावं तसं तिनं ते पुस्तक टेबलावर पलीकडं सारलं.

“वाटणार कशी? माळी दुसऱ्याच प्रकरणात खिडकीतून डोकावतो,” दिलावर म्हणाला. “डोकावणारा माणूस कधी खुनी नसतो. बिचाऱ्याला लेखकानं उगाच उन्हात उभा केलाय.”

“आणि तो चेहरा,” पुष्कर म्हणाला. “इन्स्पेक्टरनं नुसतं नाव विचारलं, तर याचा चेहरा पांढराफटक. खऱ्या गुन्हेगाराचा चेहरा पडत नसतो. पडला असता तर पोलिसांना कामच उरलं नसतं.” मग त्यानं निकाल दिला. “फालतू.”

फालतू हा आमच्या कट्ट्याचा शिक्का होता. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं जमायचो आणि कुणाच्या तरी दोन-तीनशे पानांच्या मेहनतीवर तो मारायचो. पुस्तकं एकाच जातीची: खून, अंधार, बंद बंगला, हरवलेली सून, धुक्यातली मोटार. आमची दहावी नुकती झालेली. मिशा फुटायच्या आधी मतं फुटलेली. नदीकाठच्या त्या बाजाराच्या गावात रहस्यकथेतलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं आम्हाला मनापासून वाटायचं.

कट्ट्याचे दोन रिवाज होते आणि दोन्ही पुष्करचे. पहिला दोऱ्याचा. पुस्तकाची प्रत एकच असायची, ती चौघांत फिरायची. फिरायला निघण्याआधी पुष्कर तिचं शेवटचं प्रकरण वाणसामानाच्या पुडीच्या दोऱ्यानं उभं-आडवं बांधून टाकायचा. ते कुणी उघडायचं नाही. शनिवारी प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं, मग दोरा कापायचा आणि शेवट मोठ्यानं वाचायचा. दुसरा रिवाज काट्याचा. वाचून झालं की प्रत्येकानं बाही वर करून हात टेबलावर ठेवायचा. अंगावर काटा आला असेल तर पुस्तकाला मान. आजवर कुणाच्याच हातावर काटा निघाला नव्हता. चार हात टेबलावर मांडलेले असायचे, दुकानातल्या दुधी भोपळ्यांसारखे गुळगुळीत, आणि आम्हाला त्याचाच अभिमान.

पुष्कर पेठकर आमचा पुढारी, कारण किल्ली त्याच्याकडं. मुलांनी असली पुस्तकं वाचू नयेत, असं ठरवून वाचनालयाच्या मंडळानं ती सगळी मागच्या खोलीतल्या काळ्या कपाटात कोंडली होती. मंडळाचे कार्याध्यक्ष त्याचे वडील. त्यामुळं जी किल्ली मुलांना मिळायची नाही ती मुलाला मिळाली. यामिनी खरे डॉक्टरांची. दिलावर मुजावरचे वडील हायस्कूलात गणित शिकवायचे. आणि मी शालन घाडगे. माझी आई बायकांची टोळी घेऊन घरोघर मसाला कांडायला जायची.

माझ्या अंगाला मिरचीचा वास येतो, असं यामिनी म्हणायची. माझ्या तोंडावर म्हणायची, म्हणजे तेवढी प्रामाणिक. मी तिच्या शेजारी मुद्दाम खेटून बसायचे.

मला त्या तिघांचं काही अप्रूप नव्हतं. मला कपाट हवं होतं. कपाटाबाहेर माझ्या वयाला साजेशा म्हणून ज्या गोष्टी ठेवल्या होत्या, त्यांत प्रामाणिक लाकूडतोडे होते आणि आईचं ऐकणारी सशाची पिल्लं. आमच्या एका खोलीच्या घरात दिवसभर लाल धुरळा बसायचा. त्या धुरळ्यात बसून सशाची पिल्लं वाचणं मला अपमान वाटायचा. काळ्या कपाटातली माणसं निदान एकमेकांशी खोटं तरी बोलायची.

तर त्या शनिवारी फालतूचा शिक्का मारून झाला, हात मांडून झाले, आणि खुनी कोण हे विचारायची पाळी आली. पुष्कर म्हणाला भागीदार, दिलावर म्हणाला मेलेल्याचा जुळा भाऊ. यामिनीनं डोळे मिटून, जणू अंगात आल्यासारखं, “त्याची बहीण” असं सांगितलं.

“बहीणच,” मी म्हटलं.

पुष्करनं दोरा कापायला पुस्तक जवळ ओढलं आणि थांबला. गाठीकडं बघत राहिला.

“ही माझी गाठ नाही.”

आम्ही वाकून पाहिलं. तो आडतीवर पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ मारायचा. ही साधी सुरगाठ होती, वेणीच्या रिबिनीला मारतात तसली.

“कुणीतरी सोडून परत बांधलंय,” तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघितलं. दिलावरनंही बघितलं. यामिनी खिडकीबाहेर बघायला लागली.

पुस्तक सगळ्यांत शेवटी यामिनीकडं होतं, आणि रिबिनी तिलाच होत्या. मी केसांना काळा गोफ बांधायचे. पण डॉक्टरांची मुलगी गाठी सोडत नाही, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बांधलेलं होतं की त्याला कुणी हात लावला नाही. असले हे रहस्यकथांचे जाणकार. पुरावा समोर डोलत बसला होता आणि ते मिरचीचा वास घेत होते.

“तुझं दर वेळी बरोबर येतं,” पुष्कर म्हणाला. “आम्ही तिघं चुकतो. तू कधीच चुकत नाहीस. कसं काय?”

मी त्याला खरं ते सांगितलं. घरात ज्याच्यासमोर बाकीची माणसं वाक्य अर्धं सोडतात, तो खुनी. लेखकाच्या ध्यानात नसतं, पण त्याच्या पात्रांच्या असतं. पुस्तकातल्या पोलिसाकडं न बघता घरातल्या मोलकरणीकडं बघायचं, ती कुणाला चहा देताना बोलायची थांबते ते. मी आईबरोबर सुट्टीत घरोघरच्या अंगणांत बसलेली होते. कांडणाऱ्या बायकांसमोर घरं कसली लाज धरत नाहीत. बाई आणि मुसळ त्यांना एकच वाटतं.

“हे काही उत्तर नाही,” पुष्कर म्हणाला. “शेवट आधी वाचल्यावर भीती राहते का? सगळी मजाच संपते. कट्टाच संपतो. तू तुझं कार्ड ठेव आणि जा.”

कार्ड म्हणजे कट्ट्याचं कार्ड, त्यानंच पुठ्ठ्याचं केलेलं. ते गेलं की कपाट गेलं. मी बाहेरच्या सशांकडं परत. हे मला मान्य नव्हतं.

“शेवट आधी कळला तर भीती राहत नाही, असं कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात.”

“मी एक गोष्ट सांगते. खुनी कोण ते पहिल्याच ओळीत सांगते. नंतर हात मांडा. एकाच्या जरी हातावर काटा निघाला तर मी राहणार. नाही निघाला तर कार्ड तुझं.” मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

दिलावरला ते आवडलं. पुष्करनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सहाला त्याचे वडील यायचे. वाचनालयाचा शिपाई म्हातारा होऊन गावी गेल्यापासून संध्याकाळी खोल्या बंद करायचं काम कार्याध्यक्षांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं, आणि गावात त्याचं मोठं कौतुक होतं. आपल्या हळदीच्या पेढीवरून सायकलनं यायचे, मागच्या दारात उभे राहायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, “चला मुलांनो, कडी घालतो.” दिलावर त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, पोट पुढं काढून. पुष्करही हसायचा. भला माणूस, असं सगळे म्हणत. केस पिकले तरी गाव त्यांना धाकटे शेठच म्हणायचं, कारण त्यांचे मोठे भाऊ, थोरले शेठ, अजून हयात होते, जिन्याखालच्या खोलीत खाटेला खिळून.

“सांग,” पुष्कर म्हणाला. “वेळ आहे.”

“सांगायची नाही. म्हणायची आहे.”

यामिनीनं कपाळाला हात लावला. “अरे देवा. गाणं?”

“कांडणाचं गाणं आहे.”

“त्यात कसला खून? माहेरचा रस्ता आणि भावाची बैलगाडी.”

मी मुठीनं टेबलावर ठेका धरला. मुसळ पडतं तसा, एक जड आणि एक हलका. आणि म्हटलं:

*धाकट्या दिरानं बाई, दाराला घातली कडी*
*चुलीवर उतू गेली, थोरल्या जावंची कढी*

“झालं?” यामिनी म्हणाली. “दीर खुनी. कळलं.”

“कळू दे.”

“थांब,” पुष्कर म्हणाला. त्याची बोटं टेबलावर माझ्या ठेक्याबरोबर पडत होती, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. “ही चाल मी ऐकलीये कुठंतरी.”

“ऐकली असशील,” मी म्हटलं.

मी एकेक कडवं म्हणत होते आणि मध्ये अर्थ सांगत होते, कारण या तिघांना इंग्रजी सिनेमातल्या शिव्या कळायच्या, पण कांडणाऱ्या बाईची भाषा कळायची नाही. थोरली जाऊ कढी चुलीवर ठेवून मागल्या दारानं विहिरीवर गेली आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. घरात सासू आहे, नवरा आहे, आणि हा धाकटा दीर. दीर लहान नाही आणि मोठाही नाही, आपल्याएवढाच आहे. एवढं सांगून मी पुढं गेले:

*पयली मारली हाक, ऐकली दारच्या निंबानं*
*दुसरी मारली हाक, धरली पाण्यातल्या बिंबानं*

*तिसऱ्या हाकेला बाई, घरानं वाढून घेतलं*
*रडती मांजर म्हणून, आपसांत ठरवून टाकलं*

खोलीत बाहेरच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी टायर मारत नेत होतं. दिलावर ओठ आत घेऊन बसला होता. यामिनीचा चेहरा कंटाळलेलाच होता, पण ती कंटाळा विसरलेली होती. असं होतं कधीकधी, चेहऱ्यावरचं काढून ठेवायचं राहून जातं.

“म्हणजे ती पडली पाण्यात,” दिलावर हळूच म्हणाला. “आणि हाका मारत होती. आणि यानं...”

“यानं दार लावलं.”

“का पण?”

“गाण्यात नाही.”

“हेच, हेच चुकतं,” पुष्कर एकदम टेबलावर पुढं झाला. त्याला दोष सापडला होता आणि दोष सापडला की त्याच्या अंगात बळ यायचं. “हेतू काय? कुणी सांगितलं म्हणून लावलं, की मनानं लावलं? त्या बाईचं आणि त्याचं भांडण होतं का? दागिने होते का? काही नाही. हेतूशिवाय खून, म्हणजे लेखकाचा आळस.”

“लेखक नाही याला. बायका आहेत.”

“मग बायकांचा आळस.”

उन्हाळ्यात भर दुपारी मुसळ उचलणाऱ्या बायकांचा आळस. मी त्याचं तोंड बघत राहिले. गोरंपान, सुखानं वाढलेलं, मतांनी तुकतुकीत झालेलं तोंड. माझ्याकडं गाण्यांची काही वाण नव्हती. भुतांची होती, सवतीची होती, विषाच्या खिरीचं एक होतं, ते ऐकून यामिनी आठवडाभर खीर जेवली नसती. मी ती म्हटली नाहीत. मी हेच म्हटलं, आणि पुढचं कडवंही तितक्याच सावकाश म्हटलं:

*सैपाकघरातून, दिसती विहिरीची पायरी*
*पाण्याला गेली सून, हंडा आला ना माघारी*

“चूक,” पुष्कर म्हणाला.

“काय चूक?”

“सैपाकघरातून विहीर दिसत नाही.” तो हसत होता, पुस्तकातली चूक पकडल्यावर हसायचा तसा. “हा ढोबळ दोष आहे. तुझ्या बायकांनी जागा नीट बघितलेलीच नाही. सैपाकघरातून पायरी दिसणार कशी? मध्ये भिंत आहे.”



मग यामिनीनं विचारलं. ती काही हुशार मुलगी नव्हती, पण तेवढा एक प्रश्न तिनं आयुष्यात नेमका विचारला. “कुणाच्या सैपाकघरातून, पुष्कर?”

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तोंडाला सोडून जायची वाट त्याला सापडेना.

“म्हणजे... कुठल्याही,” तो म्हणाला. “साधारणपणे. सैपाकघराच्या मागं भिंत असते.”

“भिंतीचं कडवं पुढं आहे,” मी म्हटलं.

मी ठेका धरला नाही. नुसतं म्हटलं, आई म्हणते तसं, मुसळ खाली ठेवून घाम पुसताना:

*दाराची केली भिंत, भिंतीला लावला चुना*
*कोनाड्यात बसवला, देव साक्षीला जुना*

“कोनाडा,” पुष्कर म्हणाला. एवढंच. कुणाला सांगितल्यासारखं नाही.

पेठकरांच्या सैपाकघरातला तो कोनाडा मीही पाहिलेला होता, पाणी मागायला आत गेले तेव्हा. उंबऱ्यावर उभी होते. आत जायची मुभा नव्हती आणि उंबऱ्यावरूनच दिसत होतं: एवढ्या मोठ्या घराला देवघर असताना सैपाकघराच्या मागल्या भिंतीत, माणसाच्या उंचीवर, एकटा देव. त्याच्यापुढं तेवढी समई. देव्हारा का वेगळा, असं मी आईला घरी आल्यावर विचारलं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “गाणं म्हणतो न्हवं आमी? ऐकत जा की.”

थोरल्या शेठची पहिली बायको पाय घसरून विहिरीत गेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आता खाटेशी बसायची ती दुसरी. पाय घसरला हेही खरं असेल. गाणं पायाबद्दल काही बोलत नाही, ते कडीबद्दल आहे. त्या दिवशी त्या अंगणात मिरच्या कांडल्या जात होत्या. बायकांनी कडीचा आवाज ऐकला. हाकाही ऐकल्या. त्या धावल्या, तोवर पाणी निवांत झालेलं होतं. फौजदार आला. बायकांना कुणी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं नाही, कारण ज्याच्या अंगणात कांडायचं त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या अंगणात बसणार? मग त्यांनी ते मुसळाखाली ठेवून दिलं. आधी एकीनं एक ओळ घातली, दुसरीनं दुसरी. पोलिसाला सांगितलेलं लोक ऐकतात. गाण्यातलं कुणी ऐकत नाही.

आणि त्यांनी ते दर उन्हाळ्यात म्हटलं. त्याच अंगणात, त्याच घराचा वर्षाचा मसाला कांडताना, त्या भिंतीच्या पलीकडं. धाकटे शेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि आवाज द्यायचे, बारीक कांडा गं, मागल्या वेळी जाड राहिला. म्हणून पुष्करला चाल ओळखीची वाटली. पाळण्यात असल्यापासून तो ती ऐकत होता.

“हात मांडा,” मी म्हटलं.

दिलावरनं बाही वर केली. त्याच्या हातावरचा केस न् केस उभा होता. यामिनीनं हात मांडला नाही, दोन्ही हात काखेत दाबून धरले. ते मी काट्यातच धरलं. पुष्करनं आपली बाही, आधीच दुमडून वर केलेली, उलगडली आणि मनगटापर्यंत खाली ओढली. मग बटण लावलं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“गाण्यात नाव नसतं.”

“शालन. तुला माहीत होतं.”

मी कार्ड परत खिशात घातलं. ते माझं होतं, मी जिंकलेलं.

बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. मागच्या दारात धाकटे शेठ उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, सदऱ्याला हळदीचा पिवळा पुसट हात लागलेला. आम्हा चौघांना इतकं गप्प पाहून त्यांना बरं वाटलं असावं. कौतुकानं म्हणाले, आज फार अभ्यास चाललेला दिसतोय. मग ठरलेलं वाक्य आलं.

“चला मुलांनो, कडी घालतो.”

दिलावरनं नक्कल केली नाही. आम्ही पिशव्या उचलल्या, बाहेर पडलो. पुष्कर सगळ्यांत शेवटी आला आणि उंबऱ्याबाहेर येऊन तिथंच उभा राहिला, वडिलांच्या समोर. त्यांचा हात दाराच्या वर कडीकडं गेलेला होता. वर न बघता, सवयीनं.

“अण्णा,” पुष्कर म्हणाला. आवाज कट्ट्यावरचाच होता, चूक पकडणारा, पण खालून कुणीतरी त्याला धरून उभं केल्यासारखा. “आपल्या सैपाकघराला आधी मागं दार होतं का? विहिरीकडं?”

मी धाकट्या शेठच्या चेहऱ्याकडं पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो. मागच्या खोलीतल्या त्या कपाटात अशा क्षणाची वर्णनं ओळीनं लावलेली होती. कुणाचे ओठ थरथरतात, कुणाच्या कपाळावर घाम येतो, कुणाच्या हातातला पेला पडतो. पुष्करनं सगळ्यांना फालतू म्हटलं होतं आणि बरोबर म्हटलं होतं. चेहरा पांढराफटक पडला नाही. चेहऱ्याचं काहीच झालं नाही. त्यांनी मुलाचा प्रश्न ऐकला, थोडा विचार केला, एखाद्या जुन्या कपाटाचं विचारल्यावर करतात तेवढा.

“होतं,” ते म्हणाले. “वारा फार यायचा.”

आणि कडी घातली.

लोखंडाचा लहानसा आवाज झाला. दिवसाउजेडी, भर रस्त्यावर. यामिनी माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं. माझ्या अंगाच्या वासाचं तिला त्या वेळी काही वाटलं नाही.

शेठ सायकलवर बसले, मुलाला म्हणाले, बस मागं. पुष्कर म्हणाला, मी येतो चालत. ते गेले. तो रस्त्याच्या कडेनं चालत निघाला आणि चालता चालता त्याचा वेग कमी होत गेला. एवढासा पोरगा, रोजच्या वाटेवरून आपल्याच घरी असा चालला होता की जणू कुणी त्याला पत्ता चुकीचा दिला आहे. हाक मारावी असं मला वाटलं. मारली नाही. हाका मारून काय होतं ते आत्ताच म्हणून झालं होतं.

पुढच्या शनिवारी तो उशिरा आला. कट्ट्यावर नवं पुस्तक होतं, पण त्याचं शेवटचं प्रकरण बांधलेलं नव्हतं. दोरा आणायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही किंवा मनात नव्हतं. त्यानं किल्ली माझ्यापुढं ठेवली.

“ठोकून बघितलं,” तो मला म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “कोनाड्याच्या खाली. पोकळ वाजतं.”

“कुणी विचारलं नाही?”

“विचारलं. मी म्हटलं, घूस आहे.” मग म्हणाला, “त्या गाण्यात पुढं काय आहे? शेवट?”

“कांडणाच्या गाण्याला शेवट नसतो. मसाला झाला की गाणं थांबतं. परत पुढच्या वर्षी.”

त्यानं मान हलवली. पुस्तकावर मत विचारलं तर म्हणाला, ठीक आहे. फालतू हा शब्द त्याच्या तोंडून मी परत ऐकला नाही. मग तो यायचाच बंद झाला, जूनमध्ये पुण्याला गेला शिकायला. त्याच्या वडिलांच्या सत्काराला तेवढा आला होता, असं कळलं. वाचनालयाच्या त्या मागच्या खोलीला आता धाकट्या शेठचं नाव आहे. संगमरवरात कोरलेलं, दारावर, कडीच्या थोडं वर.

कट्टा काही महिन्यांत मोडला. किल्ली माझ्याकडंच राहिली, आणि ते काळं कपाट मी वरपासून खालपर्यंत एकटीनं वाचून काढलं. दोऱ्याशिवाय. पुष्कळदा शेवटापासून सुरुवात करून. हात बाहेर काढून बघायचे अधूनमधून. काटा कधी आला नाही. विषं होती त्यांत, सुरे होते, दोर होते, मुखवटे होते. धुक्यात उभी केलेली एवढी मोठमोठी माणसं होती, आणि पकडलं की सगळी पानभर बोलायची, आपण का केलं ते.

एवढ्या सगळ्या लेखकांत एकालाही वारा सुचला नव्हता.